अंबादास वानराने आणलेला शब्द

एका जंगलात, मुलांनो, राजा नावापुरताच होता. वाघ होता, पण तो दिवसाचे सोळा तास झोपायचा, आणि उरलेल्या आठ तासांत त्याच्याशी बोलायला कोणी थांबत नसे. त्यामुळे कारभार दाजीबा गव्याकडे होता.

दाजीबा सभेत मधोमध बसायचा. त्याचं वजन पाहता तो कडेला बसला असता, तरी मध्य त्याच्यामागून सरकत गेला असता.

या जंगलात एक जुनी पद्धत होती. तिला झेल म्हणत. संकट ज्याला आधी दिसेल त्याने हाक द्यायची. ज्याला ती ऐकू येईल त्याने ती झेलायची, म्हणजे आपल्या आवाजात पुढे द्यायची. टिटवी ओरडली की वानर खाकरायचं. वानराचं ऐकून चितळ कुकायचं. चितळाचं ऐकून मोर केकाटायचा. पाच श्वासांत हाक पश्चिमेच्या माळावरून पूर्वेच्या तळ्यापर्यंत पोचायची.

नियम एकच होता. आधी झेलायचं, मग विचारायचं. तोंडात घास असेल तर थुंकून झेलायचं.

हाका खोट्या निघायच्या का? निघायच्या. दहातल्या सहा तरी निघायच्या. मग सगळे धापा टाकत एकमेकांकडे बघायचे, टिटवीला दोन शिव्या द्यायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. उरलेल्या चार हाकांमुळे शिव्या द्यायला सगळे जिवंत होते. हा हिशेब इतका सोपा आहे की तो फक्त शिकलेल्यांना अवघड जातो.

झेलीची पहिली कडी होती तुळसा टिटवी. ती पश्चिमेच्या माळावर राहायची. माळ आणि जंगल यांच्यामध्ये एक कोरडा ओढा होता. माळाच्या पलीकडे माणसांचं रिसॉर्ट होतं. तुळसाला घरटं नव्हतं. टिटव्या घरटं बांधत नाहीत, खड्यांमध्येच अंडी घालतात. जिचं सगळं उघड्यावर असतं, तिचं लक्ष चारी दिशांना असतं. तुळसा फार ओरडायची, हे खरं आहे. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं, असं माणसं म्हणतात. काहीतरी वाईट होत असतं म्हणून टिटवी ओरडते, हे वाक्य माणसांना अजून सुचायचं आहे.

दुसरी कडी होती अंबादास वानर. तो ओढ्याकाठच्या बेहड्यावर बसायचा. जंगलातलं ते सगळ्यात उंच झाड. अंबादासला दूरचं दिसायचं, आणि आपल्याला दूरचं दिसतं हे सगळ्यांना सांगायला आवडायचं.

एका थंडीत अंबादास रिसॉर्टच्या छपरावर राहायला गेला. तिथे फुकट केळी होती आणि न फुकट असलेली वेफर्सची पाकिटं पळवता येत होती. माणसं दिवसभर कापडी झोळ्यांमध्ये लोंबकळायची. अंबादासला वाटलं, ही वानरांची नक्कल करताहेत. त्याला बरं वाटलं.

एका दुपारी स्वयंपाक्याने भट्टीतले जळते निखारे मागच्या वाळल्या गवतात ओतले. तिथला म्हातारा राखणदार धावत आला. म्हणाला, साहेब, पेटेल हे, माळ पेटला तर जंगल जाईल. झोळीतल्या तरुणाने डोळ्यांवरचा काळा चष्मासुद्धा काढला नाही.

"चिल, काका," तो म्हणाला.

राखणदार तिथेच थांबला. आजूबाजूच्या झोळ्या हसल्या. अंबादासने पाहिलं की म्हाताऱ्याची मान हळूहळू खाली गेली, जणू निखारे त्यानेच ओतले होते. मग तो गेला. निखारे त्या दिवशी आपोआप विझले.

अंबादास थक्क झाला. तरुणाने उत्तर दिलं नव्हतं. कारण दिलं नव्हतं. झोळीतून पाय खाली टेकवला नव्हता. एका शब्दात त्याने आग म्हाताऱ्याच्या अंगावर ढकलली होती.

अंबादास तो शब्द घेऊन परत आला.

पहिला प्रयोग त्याने घरी केला. त्याची बायको म्हणाली, पोरगं फांदीवरून लोंबतंय, धरा. अंबादास म्हणाला, चिल. पोरगं पडलं. बायकोने पोराला उचललं, नवऱ्याच्या थोबाडीत दिली आणि विचारलं, हे काय नवीन? अंबादासने गाल चोळत सांगितलं की हे इंग्रजी आहे. तेव्हा तिने दुसरी थोबाडीत जरा आदराने दिली.

महिन्याभरात शब्द जंगलभर झाला. मोर नाचायचे बंद झाले आणि नुसते पिसारा टाकून पडू लागले. चितळं उभ्याउभ्या चिल करायला शिकली. ससे चिल करताना थरथरायचे, पण करायचे.

जंगलात एक प्राध्यापक साळिंदर होते. अंगावर तीनशे लेखण्या होत्या आणि तोपर्यंत लिहायला काही मिळालं नव्हतं. त्यांनी या एका शब्दाचा कोश करायला घेतला आणि संध्याकाळच्या व्याख्यानांत तो वाचून दाखवू लागले.

त्यांनी सांगितलं की मूळ शब्दाचा अर्थ गारवा. पण शब्दाने कातडी बदलली आहे. आता त्याचा पहिला अर्थ, काळजी करू नकोस. दुसरा, काळजी मी करणार नाही. तिसरा, तू ओरडतोस ते मला आवडत नाही. चौथा, तू जे म्हणतोस ते खरं असेल, पण माझं जेवण चालू आहे. सहाव्या अर्थी हा शब्द माफीच्या जागी येतो, फक्त त्यात माफी नसते. नवव्या अर्थी तो सांत्वन करतो, आणि सांत्वन करणाऱ्याला लगेच निघता येतं. पाचवा, सातवा आणि आठवा अर्थ एकच आहे, गप्प बस, पण आवाज वेगवेगळा. असे सतरा अर्थ निघाले.

मागून एका चितळाच्या पाडसाने विचारलं, मग प्रत्येक वेळी कुठला घ्यायचा, सर? साळिंदर म्हणाले, बोलणाऱ्याला जो सोयीचा असेल तो. श्रोत्यांनी माना डोलावल्या.

याच पाडसामुळे वापराचा एक नियमही सापडला. दाजीबा एकदा ओरडत होता की तळ्यावरच्या त्याच्या जागी कुणीतरी आधीच पाणी पिऊन गेलंय. पाडस म्हणालं, चिल, दाजीबा. पाडसाला तीन दिवस पाणीबंदी झाली. साळिंदरांनी ताबडतोब नोंद केली. हा शब्द पाण्यासारखा आहे. वरून खाली वाहतो. झाडावरच्याने जमिनीवरच्याला म्हणावा, पोट भरलेल्याने भुकेल्याला म्हणावा. खालून वर म्हटल्यास तो उद्धटपणा होतो.

एकच घर या सगळ्यातून सुटलं. गोदा रानडुकरीण आणि तिच्या अकरा बहिणी. त्यांनीही व्याख्यान ऐकलं होतं, पण गोदाला एकच शंका होती. "म्हणजे उकरायचं का नाही उकरायचं?" असं तिने विचारलं. साळिंदर म्हणाले, हा त्या शब्दाचा विषयच नाही. मग गोदा म्हणाली, आमचाही नाही, आणि बहिणींना घेऊन कंद उकरायला गेली.

उन्हाळा लागला. तुळसाने माळावर चार अंडी घातली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. खड्यांत ठेवली की खडेच.

चैत्रात एका सकाळी ओढ्यातून बिबट्या आला. तुळसा ओरडली. अंबादास बेहड्यावर पाठ खाजवून घेत होता. त्याने बिबट्याकडे पाहिलं, तुळसाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हाक झेलली नाही. तो म्हणाला, चिल. खालच्या चितळांना वानराचं खाकरणं ऐकू आलं नाही, म्हणून ती कुकली नाहीत. मोर पडलेलेच होते.

बिबट्या एका भेकरीचं पिलू घेऊन गेला. त्यालाही आश्चर्य वाटलं. निघताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

भेकरी सभेत आली आणि रडली. सगळ्यांनी तिला नववा अर्थ दिला.

तुळसा मात्र उभी राहिली आणि म्हणाली की हाक झेलली असती तर पिलू वाचलं असतं. तिने अंबादासचं नाव घेतलं. नाव घेणं फार वाईट दिसतं, मुलांनो. पिलू जाणं त्या मानाने नैसर्गिक असतं.

अंबादास हसला. "तुळसाकाकू, झोपतानासुद्धा तुम्ही पाय वर करता म्हणे. आभाळ पडलं तर झेलायला."

"मी करते ना निदान," तुळसा म्हणाली. "तुला हाकसुद्धा झेलता येईना."

सभा हसली, पण चुकीच्या बाजूने हसली, म्हणून दाजीबाने ती थांबवली. त्याने निकाल दिला. जंगलाचं मन:स्वास्थ्य तुळसाच्या ओरडण्याने बिघडतं आहे. बिबटे पूर्वीही होते, पण त्यांचा त्रास असा वाटत नव्हता. तेव्हा तुळसाने अंडी फुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. काही दिसलंच तर जवळ यावं, बसावं आणि हळू आवाजात सुचवावं. ओरडली तर माळ सोडावा लागेल.

माळ सोडायचा म्हणजे अंडी सोडायची. टिटवीला अंडी उचलता येत नाहीत. हे दाजीबाला माहीत होतं, म्हणूनच शिक्षा तशी निवडली होती. तुळसाने मान खाली घातली. रिसॉर्टमधल्या राखणदाराची गेली होती तशीच गेली. अंबादासच्या ते लक्षात आलं आणि त्याला आपल्या शब्दाचा अभिमान वाटला.

बावीस दिवस तुळसा गप्प बसली. एका अंड्यातून आतून टकटक ऐकू यायला लागली होती.

तेविसाव्या दुपारी रिसॉर्टमागून धूर निघाला. कोणीतरी पुन्हा निखारे गवतात ओतले होते. या वेळी ते विझले नाहीत.

तुळसा ओरडली नाही. तिने नियम पाळला. ती उडत बेहड्यावर गेली, बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अंबादासभाऊ, जरा धूर दिसतोय."

"मलाही दिसतोय," अंबादास म्हणाला. "मागेही दिसला होता. विझतो तो. चिल."

ती साळिंदरांकडे गेली आणि धूर व अंबादासचं उत्तर दोन्ही सांगितलं. ते बिळाच्या तोंडाशी होते. आगीच्या संदर्भात या शब्दाचा वापर अजून नोंदला गेलेला नाही, म्हणून ते आनंदले आणि तिला वाक्य पुन्हा म्हणायला सांगू लागले. ती दाजीबाकडे गेली. दाजीबा रवंथ करत होता. त्याने विचारलं, ओरडणार तर नाहीस ना? ती म्हणाली, नाही. मग काही प्रश्नच नाही, असं म्हणून त्याने डोळे मिटले.

तोवर धुराखाली लाल रेघ दिसू लागली होती.

तुळसा ओढ्यावर आली. माळावर तिची अंडी होती, त्यांच्यामागे आग होती, आणि समोर जंगल पाय पसरून पडलं होतं. ती आभाळात चढली आणि ओरडली. बावीस दिवसांचं साठलेलं सगळं ओरडली.

वानर खाकरलं नाही. चितळ कुकलं नाही. पण ओढ्याच्या वळणावर गोदा रानडुकरीण नाक मातीत घालून उभी होती. तिच्या तोंडात कंद होता. तिने तो थुंकला आणि हुंकारली. अकरा बहिणींनी हुंकार झेलला. मग गोदाने विचारलं, काय झालं?

"आग. माळावर."

"कुठं उकरू?"

रानडुकरांना एवढंच येतं. गवत उपटून, माती वर काढून उघड्या मातीचा पट्टा करायचा. आग पट्ट्याशी येते, खायला काही मिळत नाही, मरते.

पट्टा दोन ठिकाणी होऊ शकत होता. माळाच्या पलीकडे, म्हणजे अंडी वाचली असती. किंवा माळाच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाने. तुळसाने वरून पाहिलं. वारा पश्चिमेचा होता. पलीकडे पोचेपर्यंत आग माळावर आली असती, आणि बारा डुकरिणी तिच्यात सापडल्या असत्या.

"अलीकडे," तुळसा म्हणाली.

गोदाने माळाकडे पाहिलं. तिला अंडी कुठे आहेत ते माहीत होतं. येता-जाता ती तिथून पाय जपून टाकायची. "बाई, तुझी..."

"ओढ्याच्या काठाने, गोदा. लवकर उकर."

बारा नाकं मातीत गेली. गोदाने पुन्हा विचारलं नाही. तुळसा माळावर परत गेली आणि अंड्यांवर बसली. उष्णता असह्य होईपर्यंत बसली. त्यानंतरही थोडी बसली. मग तिचे पाय पोळले आणि पंखांनी तिला तिच्या मनाविरुद्ध वर उचललं.

आग ओढ्याशी आली. उघड्या मातीवर तिला काही मिळालं नाही. ती थोडा वेळ घुटमळली आणि विझली.

संध्याकाळी सभा भरली. सगळ्यांच्या अंगावर थोडी राख पडली होती. ती त्यांनी झटकली. अंबादास पहिला बोलला. मी दुपारीच सांगितलं होतं की विझेल, असं तो म्हणाला. आणि विझली. सभेने बेहड्यापासून तळ्यापर्यंत पाहिलं. एक पान जळालं नव्हतं. तेव्हा आग एवढी मोठी नव्हतीच, हे उघड होतं. साळिंदरांनी दुजोरा दिला की शब्दाचा परिणाम आगीवरही होतो असं दिसतं, पण अधिक अभ्यास व्हायला हवा.

गोदाचं नाक सोलून रक्त येत होतं. तिने विचारलं, मग आम्ही काय केलं? दाजीबा म्हणाला की त्याचाही विचार व्हायला हवा, कारण ओढ्याचा सुंदर काठ डुकरांनी विनाकारण उकरून ठेवला आहे.

मग तुळसाचा विषय आला. ती ओरडली होती. नियम सगळ्यांसमोर झाला होता. दाजीबाने तिला माळ सोडायला सांगितलं.

"सोडते," तुळसा म्हणाली. "आता अडचण काही नाही."

हे वाक्य सभेला थोडं टोचलं असावं, कारण एक मोर पुढे झाला. तो स्वभावाने चांगला होता. त्याने तिच्या पोळलेल्या पायांकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "चिल गं. पुढच्या वर्षी परत घालशील."

तुळसा त्याच रात्री डोंगरापलीकडच्या जंगलात गेली. तिच्यामागून बारा डुकरिणीही गेल्या. गोदाने जाताना एवढंच सांगितलं, जिथे हाक येत नाही तिथे उकरायचं कुठं ते कसं कळणार?

त्या वर्षी जंगल फार सुखात होतं. कोणी ओरडत नव्हतं. दाजीबाने ओढ्याचा काठ पुन्हा हिरवा करून घेतला. तिथे गुडघाभर गवत आलं, आणि फाल्गुनात ते छान वाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी अंबादास बेहड्यावर बसला होता. रिसॉर्टमागून धूर निघाला. अंबादासने वाट पाहिली. धूर विझला नाही. लाल रेघ माळावर आली. माळावरून ओढ्याच्या काठावर आली. मग तिला ते हिरवं करून वाळवलेलं गवत सापडलं.

अंबादास उठून उभा राहिला. त्याचा घसा वर्षभर बंद होता. पहिली खाकर फुटकी निघाली. दुसरी नीट निघाली. तिसरी त्याच्या बापजाद्यांसारखी निघाली, साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशी.

खाली चितळ चरत होतं. ते तेच पाडस, आता शिंगं फुटलेलं. त्याने सावकाश मान वर केली. तोंडातला घास थुंकला नाही.

"चिल, अंबादासभाऊ," ते म्हणालं.

शब्द पुन्हा खालून वर गेला. या वेळी दाजीबानेही त्याला हरकत घेतली नाही. तो झोपला होता.

यापुढची गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. मी विचारायला गेलो होतो. साळिंदर तेवढे भेटले, कारण ते बिळात होते. त्यांनी कोशात अठरावा अर्थ लिहिला आहे. तो ऐकायला त्यांना कोणी मिळत नाहीये.

तात्पर्य: मुलांनो, आग दिसली तर ओरडू नका. ती विझली तर तुम्ही खोटे ठरता, आणि नाही विझली तर तुम्हाला खरं म्हणायला कोणी उरत नाही. शहाण्याने नेहमी सगळ्यांबरोबर जळावं. एकट्याने बरोबर असण्यापेक्षा ते फार मिळून-मिसळून वाटतं.